बराखीतली हवा आणि सेन्सरचा आकडा

जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकच्या शिवारातला रब्बी कांदा एप्रिल-मे महिन्यांत बराखीत, म्हणजे कांदाचाळीत, जातो आणि बाजार बघून दिवाळीपर्यंत टप्प्याटप्प्याने बाहेर निघतो. मधल्या पाच-सहा महिन्यांत ढिगाच्या पोटात काय चालले आहे हे कळायला शेतकऱ्याकडे नाकाशिवाय दुसरे साधन नसते. सड आतून सुरू होते. वास बाहेर येईपर्यंत त्या कांद्याचे पाणी आजूबाजूच्या कांद्यांवर उतरलेले असते. म्हणून काहीशे रुपयांचा वायुसेन्सर आणि एखादा मायक्रोकंट्रोलर घेऊन सडीची चाहूल आधी लावता येईल का, हा विचार जुन्नर-आंबेगावात आयटीआय, डिप्लोमा केलेल्या अनेक मुलामुलींच्या मनात येतो, आणि तो योग्यच आहे. नाशिक भागात कल्याणी शिंदे यांनी गोदाम इनोव्हेशन्स या उपक्रमातून साठवलेल्या कांद्याची सड लवकर ओळखणारे उपकरण उभे केले, त्यामागची गरज हीच होती. अडचण येते ती पुढे. उपकरण जोडले जाते, पडद्यावर पीपीएमचा आकडा दिसतो, पहिला पाऊस पडताच आकडा चढतो, ढीग उकरून पाहावा तर कांदा ठणठणीत. दोन-तीनदा असे झाले की सेन्सर निकामी ठरवून कोपऱ्यात टाकला जातो. माझे म्हणणे असे, की त्यात सेन्सरचा दोष नसतो. त्याला जे सांगताच येत नाही ते आपण त्याच्याकडून वदवून घेत असतो. हा सेन्सर वायूचे प्रमाण मोजत नाही, तो तुलना करतो. ती तुलना कशाशी करायची हे तुम्ही ठरवून दिलेत, तरच त्याच्या आकड्याला अर्थ येतो. जोडणी आणि कॅलिब्रेशन या दोन्ही कामांत हेच सूत्र धरून चालायचे आहे.

आधी सेन्सर आत काय करतो ते पाहू. एमक्यू मालिकेतल्या या स्वस्त सेन्सरच्या जाळीदार टोपीखाली टिन ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि त्या थराला तापवणारा छोटा हीटर. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये या तत्त्वाचे पेटंट घेतले. घरगुती गॅसची गळती वेळीच कळावी हा त्यामागचा हेतू होता. तापलेल्या थरावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि थरातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, त्यामुळे रेझिस्टन्स जास्त राहतो. अमोनिया, अल्कोहोल, धूर किंवा गंधकयुक्त वायू आले की ते हा ऑक्सिजन खाऊन टाकतात, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रेझिस्टन्स उतरतो. या साऱ्या साखळीत कोणत्याही एका वायूचे नाव येत नाही. या मालिकेतल्या एमक्यू-१३५ ला ढिगातल्या सडक्या कांद्याचा अमोनिया जसा कळतो, तसा शेजारच्या शेतात पसरलेल्या कोंबडखताचाही कळतो, गोठ्याचा कळतो, फवारणीच्या औषधातले द्रावकही कळते. हवेतली वाफही त्याच पृष्ठभागावर बसून रेझिस्टन्स खाली आणते. एमक्यू-१३५ च्या माहितीपत्रकात तापमानाचा एक आलेख असतो. त्यात ३३ टक्के आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या दोन वेगळ्या रेषा काढलेल्या असतात. ज्यांनी सेन्सर बनवला त्यांनीच सांगून ठेवले आहे, की हवा बदलली की आकडा बदलणार. मेमधली कोरडी दुपार आणि जूनमधली पावसाळी पहाट यांच्यात बोरीच्या हवेत जेवढा फरक पडतो, तेवढाच त्या दोन रेषांमध्ये आहे, असे समजायला हरकत नाही.

आता आंतरजालावरून उतरवून घेतला जाणारा तयार प्रोग्रॅम पाहा. एमक्यू-१३५ साठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका लायब्ररीत लोड रेझिस्टर १० किलोओहम, सेन्सरचा मूळ रेझिस्टन्स ७६.६३ किलोओहम आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड ३९७.१३ पीपीएम असे आकडे लिहून ठेवलेले आहेत. सूत्रातला एक स्थिरांक तर ११६.६०२०६८२ असा दशांशाच्या सातव्या घरापर्यंत जातो. एवढे दशांश बघून भरवसा वाटतो, पण त्यातला ७६.६३ हा आकडा लिहिणाऱ्याच्या टेबलावरच्या एका सेन्सरचा आहे. तुमच्या सेन्सरचा तो असण्याचे काही कारण नाही. उत्पादकाचे माहितीपत्रकच म्हणते, की १०० पीपीएम अमोनियात या सेन्सरचा रेझिस्टन्स ३० ते २०० किलोओहमच्या दरम्यान कुठेही असू शकतो. एकाच खोक्यातले दोन सेन्सर एकमेकांपासून साडेसहा पट लांब असले तरी दोन्ही कंपनीच्या लेखी चांगलेच. शिवाय ३९७ पीपीएम हा दहाएक वर्षांपूर्वीच्या हवेचा आकडा आहे. आज जगाची सरासरी ४२० च्या पुढे गेली आहे. आणि मुळात टिन ऑक्साइडचा हा थर कार्बन डायऑक्साइडला असा थेट प्रतिसाद देतच नाही. म्हणजे दुसऱ्याच्या सेन्सरचा पाया, जुन्या हवेचा संदर्भ आणि न कळणारा वायू या तिन्हींवर बेतलेला आकडा आपण आपल्या बराखीच्या दाराला लावतो. त्यावरून ढीग फोडायचा की नाही हे ठरवणे धोक्याचे आहे.

सगळ्यांचे तर असेच चालते, मग बिघडते कुठे, असे कोणी विचारील. बिघाड जोडणीतच सुरू होतो आणि तो डोळ्यांनी बघता येतो. बाजारात मिळणाऱ्या एमक्यू-१३५ च्या निळ्या पट्टीवर मागच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढे काळे रेझिस्टर असतात. त्यांतल्या ज्या रेझिस्टरची वाट ॲनालॉग पिनपासून ग्राउंडकडे जाते तो लोड रेझिस्टर, आणि त्यावर बऱ्याचदा १०२ असे छापलेले सापडते. १०२ म्हणजे दहापुढे दोन शून्ये, एक हजार ओहम. माहितीपत्रक मात्र इथे १० ते ४७ किलोओहम मागते आणि २० किलोओहमची शिफारस करते. फरक किती पडतो याचा हिशेब मांडू. स्वच्छ हवेत तुमच्या सेन्सरचा रेझिस्टन्स ८० किलोओहम आहे असे धरा. २० किलोओहमचा लोड असेल तर बाहेर एक व्होल्ट मिळतो आणि अर्डुइनो उनो १०२३ पैकी सुमारे २०४ दाखवतो. एका अंकाचा बदल म्हणजे रेझिस्टन्समध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास बदल. तोच सेन्सर एक किलोओहमच्या लोडवर असेल तर अर्डुइनो १२ किंवा १३ दाखवतो. १२ धरले तर रेझिस्टन्स ८४ किलोओहम निघतो आणि १३ धरले तर ७८. सेन्सर जागचा हललाही नाही आणि आकडा आठ टक्के इकडेतिकडे झाला. सडीची सुरुवातीची चाहूल याच आठ टक्क्यांत बुडून जाते. म्हणून पहिले काम हे, की तो १०२ सोल्डरिंग गनने काढा आणि त्याजागी मल्टिमीटरने मोजलेला २० किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर लावा. छापील किमतीवर विसंबू नका, मोजलेली किंमतच प्रोग्रॅममध्ये लिहा.

ईएसपी-३२ वापरणार असाल तर आणखी एक गोष्ट सांभाळायला लागते. सेन्सरला पाच व्होल्ट लागतात आणि ईएसपी-३२ ची पिन ३.३ व्होल्टच्या पुढे सहन करत नाही. अनेक जण मधे दोन रेझिस्टरचा विभाजक लावतात, पण हे विसरतात, की विभाजक लोड रेझिस्टरला समांतर बसतो आणि त्याची किंमत खाली ओढतो. त्यापेक्षा लोडच दोन तुकड्यांचा करावा. ८.२ आणि १२ किलोओहम एकापुढे एक जोडा, १२ ची बाजू ग्राउंडकडे ठेवा आणि दोन्हींच्या सांध्यावरून पिनला तार द्या. एकूण लोड २०.२ किलोओहम राहतो आणि सेन्सर पूर्ण पाच व्होल्ट सोडू लागला तरी पिनवर तीन व्होल्टच्या आतच येतात. पिन ३२ ते ३९ या गटातली निवडा, कारण दुसऱ्या गटातल्या पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत. ईएसपी-३२ चे वाचन दोन्ही टोकांना सरळ रेषेत राहत नाही, म्हणून एकदा मल्टिमीटर शेजारी धरून चार-पाच ठिकाणी पडताळून घ्या. या कामाला अर्डुइनो उनो मला अधिक सोयीचा वाटतो. तो आणि सेन्सर एकाच पाच व्होल्टवर चालवले तर त्याचा संदर्भ व्होल्टेज आणि सेन्सरचा पुरवठा एकच असतो, त्यामुळे पुरवठा थोडा खालीवर झाला तरी मापनाच्या गुणोत्तरात तो फरक कटून जातो. सूत्र सोपे आहे: १०२३ ला वाचलेल्या अंकाने भागा, एक वजा करा आणि लोडच्या किमतीने गुणा. निघेल तो सेन्सरचा रेझिस्टन्स. एका वेळी पन्नास वाचने घेऊन त्यांची सरासरी नोंदवा.

हीटरकडे लोक दुर्लक्ष करतात, पण सगळ्या आकड्यांचा पाया तोच आहे. एका सेन्सरचा हीटर सुमारे १५० मिलिअँपिअर खातो आणि त्याला पाच व्होल्ट अगदी नेमके, ०.१ व्होल्ट कमीजास्त एवढीच मुभा ठेवून हवे असतात. मायक्रोकंट्रोलर घरात आणि सेन्सर दहा मीटरवरच्या बराखीत अशी मांडणी केलीत आणि मध्ये ०.२ चौरस मिलिमीटरची बारीक तार ओढलीत, तर जाण्या-येण्याच्या वीस मीटरचा रेझिस्टन्स पावणेदोन ओहमच्या आसपास होतो आणि पाव व्होल्ट वाटेतच जिरतो. हीटर थंड राहतो, थराचे तापमान उतरते आणि तुम्ही मोजत बसता ती तारेची लांबी. त्यापेक्षा मायक्रोकंट्रोलर सेन्सरजवळच ठेवा. लांबून आणायचे ते १२ व्होल्ट आणा आणि जागेवर बक कन्व्हर्टरने पाच करा. उनोच्याच रेग्युलेटरवर १२ व्होल्ट देऊन तीन-चार सेन्सर चालवू नका. प्रत्येक सेन्सरमागे जवळपास एक वॉट उष्णता त्या इवल्याशा चिपला सोसावी लागते आणि ती तापून बंद पडते. पुरवठा वेगळा असला तरी ग्राउंड सगळ्यांचे एकच असू द्या. नवा सेन्सर किमान २४ तास, जमले तर ४८ तास, सलग तापवल्याशिवाय त्याचे एकही वाचन लिहून ठेवू नका. शेतीच्या विजेचे वेळापत्रक तुम्हाला ठाऊकच आहे. वीज जाऊन आली की थंड पडलेल्या थरावर बाष्प बसलेले असते आणि पहिला तासभर सेन्सर खोटेच ओरडतो. प्रोग्रॅममध्ये चालू झाल्यापासूनचे पहिले दोन तास वेगळ्या खुणेने नोंदवा आणि हिशेबात धरू नका. दहा हजार मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक म्हणजे ३७ वॉट-तास. एक सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर मिळून ती जेमतेम एक दिवस पुरते, पण वीज जाण्याचे तास झाकायला तेवढे बस्स होते.

येथपर्यंतची जोडणी नीट झाली, की कॅलिब्रेशनचा प्रश्न उभा राहतो. कॅलिब्रेशन म्हणजे ज्ञात गोष्टीशी ताडून पाहणे. याच्या उदाहरणासाठी फार लांब जायला नको. जुन्नर तालुक्यातच खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना आहेत. एवढी मोठी दुर्बीणसुद्धा एखाद्या नव्या स्रोताची तेजस्विता थेट सांगत नाही. आधी ३सी-४८ किंवा ३सी-२८६ यांसारख्या, ज्यांची तेजस्विता पक्की ठरलेली आहे अशा स्रोताकडे तोंड वळवते, मग हवा तो स्रोत बघते आणि मधूनमधून पुन्हा जवळच्या ओळखीच्या स्रोताकडे येते. यंत्र कितीही महागाचे असले तरी ही फेरी चुकत नाही. आणि संदर्भ गोंधळलेला असेल तर काय होते याचे उदाहरण खुद्द बोरीच्या मातीत आहे. कुकडीच्या काठच्या गाळात सापडलेला ज्वालामुखीच्या राखेचा थर १९८९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकातून जगासमोर आला. त्याचे वय काढायला मोजला गेला तोही एक वायूच, आर्गॉन. पोटॅशियमपासून हळूहळू तयार होऊन खनिजात अडकलेल्या आर्गॉनवरून पहिले वय निघाले सुमारे १४ लाख वर्षे. पुढे सुधारित आर्गॉन पद्धतीने ६ लाख ७० हजारांच्या आसपास आकडा आला. त्याच सुमारास, १९९५ मध्ये, राखेतल्या काचकणांची रासायनिक घडण सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या ज्ञात नमुन्यांशी ताडली गेली आणि ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी जुळते असे मांडले गेले. संशोधकांमधला वाद त्यानंतरही चालू राहिला. त्यात उपकरणाला आर्गॉन मोजता येतो का हा मुद्दा नव्हता. गाळात वाहून आलेले जुने कण नमुन्यात मिसळले होते का आणि ताडायचे कशाशी, यावर वाद होता. वायू अचूक मोजला गेला तरी तो वायू कुठून आला हे ठरवल्याशिवाय वय ठरत नाही. बराखीतल्या सेन्सरचेही तसेच. रेझिस्टन्स अचूक वाचता येतो, पण तो उतरला तो सडीने, कोंबडखताने की पावसाने, हे ठरवायला ताडायची जागा लागते.

ती जागा म्हणून घरी १०० पीपीएम अमोनिया तयार करता येईल का? गणित मोहक आहे. २० लिटरच्या डब्यात १०० पीपीएम म्हणजे दोन मिलिलिटर अमोनिया वायू, म्हणजे दीड मिलिग्रॅमहूनही थोडा कमी. बाजारातले अमोनियाचे द्रावण पातळ करून त्याचे काही थेंब डब्यात टाकले की झाले, असे वाटते. पण अमोनिया पाण्यात अतिशय विरघळतो. थेंबातला बराचसा तिथेच राहतो, काही डब्याच्या ओल्या भिंतींवर बसतो आणि हवेत किती उतरला हे तुम्हाला कळतच नाही. संदर्भ म्हणून घेतलेला आकडाच अंदाजाचा ठरतो. प्रमाणित वायूचा सिलिंडर आणला तर हा प्रश्न सुटेल, पण तो प्रयोगशाळेचा खर्च आहे. आणि मुख्य म्हणजे शेतकऱ्याला पीपीएम नकोच असतो. त्याला हवे असते ते एवढेच, की आज ढीग उकरायचा की नाही. म्हणून संदर्भ घ्यायचा तो चांगल्या कांद्याने भरलेल्या आपल्याच बराखीच्या हवेचा.

हे करण्याचा मला सर्वांत भरवशाचा वाटणारा मार्ग म्हणजे सेन्सरची जोडी. एक बराखीत ढिगाच्या वर, दुसरा बाहेर त्याच पत्र्याच्या पडवीत, पाऊस लागणार नाही अशा उंचीवर. बराख खालून आणि बाजूंनी हवेशीर असते, म्हणून आत-बाहेरच्या आर्द्रतेत फार फरक राहत नाही. पाऊस आला की दोन्ही सेन्सर साधारण एकत्र उतरतात. सड लागली की आतला एकटा उतरतो. म्हणजे आतल्याचा रेझिस्टन्स भागिले बाहेरच्याचा हे गुणोत्तर हवामान बरेचसे वजा करते. इथे लोड रेझिस्टरच्या किमतीत राहिलेली बारीक चूकही त्रास देत नाही, कारण ती बदलत नाही आणि बसवण्यापूर्वी काढलेल्या आपसातल्या गुणोत्तरातही तेवढीच येते. मात्र दोन सेन्सर जन्मापासून सारखे नसतात हे वर आलेच आहे. म्हणून बसवण्यापूर्वी दोन्ही सेन्सर एका फळीवर शेजारी ठेवून दोन दिवस-रात्र चालवा, त्यांचे आपसातले गुणोत्तर काढा, ते कोरड्या दुपारी किती आणि दमट पहाटे किती ते पाहा. पहाटे आणि दुपारी गुणोत्तर फार बदलत असेल तर ती जोडी जुळत नाही. तिसरा सेन्सर घेऊन पाहा. सेन्सर चार-पाच विकत घेऊन त्यांतून जुळणारे दोन निवडणे ही उधळपट्टी नाही.

जोडीच्या बरोबर तापमान आणि आर्द्रतेचा एक सेन्सर, डीएचटी-२२ किंवा एसएचटी-३१, आत लावाच. कांदा भरल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस हे खऱ्या कॅलिब्रेशनचे दिवस. कांदा नुकताच निवडून, वाळवून, पात कापून भरलेला असतो, सड नसल्याची खात्री सर्वांत जास्त याच काळात असते. मेच्या दिवसरात्रीत आर्द्रता आपोआप खालीवर होते. दर दहा मिनिटांची नोंद ठेवली, की किती आर्द्रतेला गुणोत्तर किती असते याची तुमच्या बराखीची रेषा तयार होते. ही रेषा जूनच्या हवेला जशीच्या तशी लावू नका, कारण मेमध्ये ८५-९० टक्क्यांची हवा तिने पाहिलेलीच नसते. पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवसांत ढीग हाताने चार ठिकाणी तपासा. चांगला असेल तर त्या दिवसांच्या नोंदी त्याच रेषेत पुढे जोडा. वाचन नेहमी एकाच वेळचे ताडा. पहाटे तीन ते पाच ही वेळ मला योग्य वाटते, कारण तेव्हा वारा पडलेला असतो आणि ढिगातून वर येणारी हवा विरत नाही. नोंद यंत्रच करत असल्याने बिबट्याच्या भीतीत कोणाला त्या वेळी बराखीकडे जावे लागत नाही, हा जुन्नरकरांसाठी छोटा फायदा नव्हे.

तरीही सेन्सर सडीला प्रतिसाद देतो की नाही याची एकदा समोर खात्री करून घ्यायला हवी. झाकणाच्या दोन सारख्या बादल्या घ्या. एकीत पाच किलो चांगला कांदा, दुसरीत पावणेपाच किलो चांगला आणि पाव किलो सडका. दोन्ही सावलीत शेजारी ठेवा, झाकणाच्या भोकातून एकेक सेन्सर आत घ्या, सहा तासांनी आकडे लिहा, मग सेन्सरची अदलाबदल करून पुन्हा सहा तास थांबा. अदलाबदलीनंतरही सडकी बादलीच कमी रेझिस्टन्स दाखवत असेल तर फरक सडीचा आहे, सेन्सरचा नाही. बंद बादलीतला फरक हवेशीर बराखीत तेवढा दिसणार नाही, एवढे ध्यानात ठेवा. आणि झाकणाचे भोक बुजवायला सिलिकॉनचा सीलंट अजिबात वापरू नका. त्याची वाफ टिन ऑक्साइडच्या थरावर बसून सेन्सर कायमचा मंद करते. साधी चिकटपट्टी किंवा मळलेली कणीक पुरते.

जाणत्या शेतकऱ्याचा आक्षेप असा असतो, की नाक असताना एवढा खटाटोप कशाला. नाकाला मी कमी लेखत नाही, उलट शेवटचा निवाडा नाक आणि हात यांचाच. पण नाक वासाला सरावते, ते रोज एकाच वेळी बराखीत नसते आणि मागच्या मंगळवारी वास किती होता हे ते सांगू शकत नाही. सेन्सरची खरी किंमत त्याच्या अचूकतेपेक्षा त्याच्या आठवणीत आहे. दुसरा आक्षेप शिकलेल्या मुलांचा असतो: स्वस्तातला सेन्सर घेऊन एवढी कसरत करण्यापेक्षा चांगला इलेक्ट्रोकेमिकल अमोनिया सेन्सर घ्यावा. घेता आला तर जरूर घ्या, तो वायू अधिक नेमका ओळखतो. पण तोही काळाबरोबर सरकतो, त्याचे आयुष्य मोजक्या वर्षांचे असते आणि त्यालाही ताडून पाहायला संदर्भ लागतोच. वर सांगितलेली मांडणी त्याच्यासाठीही तशीच चालेल. एमक्यू-१३५ ऐवजी अमोनियासाठीचा एमक्यू-१३७ घेतला तरी हीच गोष्ट.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवे. कांद्याचे नुकसान तीन वाटांनी होते: पाणी उडून वजन घटते, कोंब येतात आणि सड लागते. वायुसेन्सरचा संबंध फक्त तिसऱ्या वाटेशी आहे. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने बराखीची रचना, ढिगाची उंची-रुंदी, वाळवणी, भीमा शक्ती किंवा भीमा किरण यांसारखी टिकाऊ वाणे यांवर जो भर दिला आहे, त्याची जागा कोणताही सेन्सर घेणार नाही. कच्चा, ओल्या मानेचा कांदा भरला असेल तर सेन्सर फक्त वाईट बातमी देईल. पण बराख नीट भरली असेल तर सड लवकर कळण्याचे मोल मोठे आहे. दहा टनांच्या बराखीत एक टक्का म्हणजे शंभर किलो. शिवाय हा एक टक्का एका जागी थांबत नाही.

इशारा कधी धरायचा, हेही तुमच्याच नोंदींतून ठरवा. सुरुवातीला असे ठेवा, की त्या आर्द्रतेला अपेक्षित असलेल्या गुणोत्तरापेक्षा सलग तीन पहाटे २० टक्के किंवा जास्त घट दिसली तर ढीग तपासायचा. एका दिवसाच्या घटीवर धावू नका, शेजारी फवारणी झालेली असते किंवा कोणी पाचट पेटवलेले असते. हा २० टक्क्यांचा आकडा माझा आहे, तुमच्या बराखीचा नाही. तो पहिल्या हंगामात बदलायचाच आहे. त्यासाठी बराखीच्या दाराशी एक वही टांगा. त्यात तारीख, पहाटेचे गुणोत्तर, आर्द्रता, आजूबाजूला काय घडले, ढीग उकरला का आणि किती किलो सडका निघाला, एवढे रकाने असू द्या. सडका कांदा टाकून देण्याआधी वजनकाट्यावर ठेवाच. खोटा इशारा आला तर तोही लिहा, कारण उंबरठा वर न्यायचा का हे खोट्या इशाऱ्यांवरूनच कळते. महिन्यातून एकदा दोन्ही सेन्सर पुन्हा फळीवर शेजारी आणून गोठ्यापासून आणि खताच्या ढिगापासून लांब, उघड्या रानात एक रात्र पॉवर बँकेवर चालवा. आपसातले गुणोत्तर सुरुवातीच्या आकड्यापासून सरकले असेल तर नवा आकडा धरा, फारच सरकले असेल तर सेन्सर बदला. जाळीवर कांद्याचे पापुद्रे आणि धूळ साचते, ती मऊ ब्रशने झटका, फुंकर मारू नका, ओले फडके लावू नका. बराख रिकामी झाली, की झाडून घेतलेल्या मोकळ्या बराखीत आणखी दोन रात्री जोडी चालू ठेवा, तो आकडा वहीत शेवटच्या पानावर लिहा, प्रत्येक सेन्सरच्या पट्टीवर मार्करने त्याचा क्रमांक आणि लोडची मोजलेली किंमत टाका आणि पुढच्या एप्रिलपर्यंत दोन्ही सेन्सर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवून द्या.